टँकवरची उंच खुर्ची

बारावीची परीक्षा संपली आणि माझ्या भाचीने जाहीर केलं, की मे महिन्यात ती पोहण्याच्या टँकवर जीवरक्षक म्हणून काम करणार. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, पोहायला तर तिला येतंच, मग वेगळी तयारी ती कसली? मलाही तसंच वाटत होतं. पंधरा दिवस सकाळी सहाला तिच्याबरोबर टँकवर जाऊन बसले आणि माझं मत पार बदललं. या कामात दम लागतो, हातपाय लागतात, पण सगळ्यात जास्त तयारी करावी लागते ती नजरेची.

पहिल्या दिवशी सरांनी तिला पाण्यात उतरूच दिलं नाही. खुर्चीवर बसवून विचारलं, “बुडणारा माणूस काय करतो?”

“ओरडतो, हात हलवतो.”

“ओरडणाऱ्याच्या हातात अजून थोडा वेळ असतो गं. जो खरा बुडतोय तो तुला हाकसुद्धा मारणार नाही.”

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून नेमकं हेच दाखवून दिलं. बुडणाऱ्याचं तोंड क्षणभर पाण्याबाहेर येतं आणि पुन्हा खाली जातं. तेवढ्या क्षणात श्वास सोडून नवा घ्यायचा असतो, हाकेला हवा उरत नाही. हात हलवणंही शक्य नसतं, आणि त्याचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळपास असते. छाती हवेने भरलेली असली तर आपण जेमतेम तरंगतो, डोक्याचा थोडाच भाग वर राहतो. दोन्ही हातांचं मिळून वजन शरीराच्या साधारण दहा टक्के. साठ किलोच्या माणसाने हात वर केले, की त्या सहा किलोंना पाण्याचा आधार मिळत नाही आणि तेवढ्यानेच चेहरा पाण्याखाली जातो. म्हणून शरीर आपोआप हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मूल खेळतंय. ही धडपड टिकते २० ते ६० सेकंद.

म्हणून सर तिच्याकडून मोजून घेत. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि काही दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे. नजर पृष्ठभागावरून नाही, तळापासून वर फिरवायची.

तळ दिसणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. एका सकाळी सरांनी काळ्या रबराची वीट तळाशी टाकली आणि भाचीला काठावर बसून शोधायला सांगितलं. तिला आकाश दिसलं, समोरच्या इमारतीचा जिना दिसला, वीट काही दिसेना. मग खुर्चीवर चढवलं. चढता चढताच ती म्हणाली, “ती बघा, तिसऱ्या लेनमध्ये!” मी घरी येऊन गणित मांडलं. काठावर बसलं की डोळे पाण्यापासून साधारण एक मीटर उंच असतात. तिथून दहा मीटर लांबच्या पाण्याकडे पाहिलं, तर त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांत येतो. त्या चकाकीत तळ हरवतो. डोळे तीन मीटर उंचीवर नेले, की तेच परावर्तन एक पंचमांशाच्याही खाली येतं. सरळ खाली पाहिलं तर फक्त दोन टक्के. ही चकाकी बऱ्याच अंशी ध्रुवीकृत असते, म्हणजे तिच्यातली कंपनं मुख्यतः आडवी असतात. पोलरॉइड गॉगल ती आडवी कंपनं अडवतो. टँकवरच्या जीवरक्षकाच्या डोळ्यांवर असा गॉगल असेल तर तो कामासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि तरीही डोळे थकतात. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर तासन् तास बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा निसटत होत्या. त्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक प्रयोग केला. घड्याळासारखा काटा ठरावीक टप्प्याने पुढे सरकायचा, मधूनच एखादी दुप्पट उडी घ्यायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. पहिल्या अर्ध्या तासानंतर चुका स्पष्ट वाढल्या. त्यात आळशीपणाचा काही भाग नव्हता, मेंदूचं लक्षच तसं घडलेलं आहे. जीवरक्षकाला वीस ते तीस मिनिटांनी बदली मिळायला हवी ती यासाठी. एकाच माणसाला सकाळच्या चार बॅचेस सलग बसवणं मला तरी अक्षम्य वाटतं.

तीच वीट मग पाण्यातल्या सरावाला आली. अपवर्तनामुळे तीन मीटर खोल तळ वरून सव्वादोन मीटरच भासतो. भाचीने पहिल्यांदा बुडी मारली ती अर्ध्यातून परत आली, कान धरून. तीन मीटरवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन दशांश इतका जास्त असतो आणि तो कानाच्या पडद्याला लगेच जाणवतो. नाक दाबून हलकेच हवा कानांकडे ढकलायला ती शिकली आणि पाचव्या खेपेला वीट छातीशी धरून वर आली.

बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायला मात्र सरांनी सक्त मनाई केली. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, तर मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, ऑक्सिजनचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली गुदमरल्यासारखं वाटण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस शांतपणे बेशुद्ध होतो. ‘एका दमात कोण लांब जातं’ अशी पैज लावणारी मुलं, म्हणजे चांगली पोहणारीच, यात सापडतात. मे महिन्यात प्रत्येक टँकवर ही पैज लागते. ती दिसली की शिट्टी मारून थांबवायची, पालक काही का म्हणेनात.

बुडणाऱ्याला थेट मिठी मारायची नाही, हा पुढचा धडा. आधी काठी, मग दोर किंवा रिंग, आणि पाण्यात उतरावंच लागलं तर मध्ये तरंगता फ्लोट. तरी त्याने गळा धरलाच, तर खाली बुडी मारायची. त्याला वर राहायचं असतं, त्यामुळे तो सोडतो.

बाहेर काढल्यावर काय, याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. आपल्याकडे अजूनही पोट दाबतात, पालथं घालतात, पाय धरून फिरवतात. पोट दाबल्याने पोटातलं अन्नपाणी घशात येऊन श्वासनलिकेत शिरतं आणि मोलाची मिनिटं जातात. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन न मिळाल्यामुळे, म्हणून इथे आधी तोंडाने श्वास द्यायचा. मग छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि दर तीस दाबांमागे दोन श्वास. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते, त्यामुळे रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायला वेळ नसतो. भाचीने पुतळ्यावर दोन मिनिटं दाब दिले आणि तिचे दंड थरथरत होते.

टँकवरचं हे शिक्षण खडकवासल्याला किंवा लोणावळ्याच्या धबधब्यात जसंच्या तसं चालत नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला कमी उचलून धरतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे पट्टीचा पोहणाराही काय करू शकला असता?

भाचीची पहिली पाळी संध्याकाळची होती. मी लांब बाकावर बसले होते, पण तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. साडेपाचला ऊन पश्चिमेकडून तिरकं येऊ लागलं आणि अर्धा टँक चांदीच्या पत्र्यासारखा चमकायला लागला. तिने दुसऱ्या जीवरक्षकाला हाक मारली, तो पाण्यावर नजर ठेवून उभा राहिला, आणि तिने ती लोखंडी खुर्ची ओढत पलीकडच्या काठावर नेली, उन्हाकडे पाठ करून.