काळ्या पडद्यावरचं टपाल

आमचे काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. देशाची टपाल तिकिटं छापते ती प्रेस. कागद, शाई, शिक्का यांवर त्यांची नजर अजून तशीच बारीक. मध्ये एका रविवारी ते घरी आले तेव्हा मी मेल वाचत बसलो होतो. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी, माऊसला हात नाही.

"अरे, बिघडलाय का तुझा कॉम्प्युटर?"

बिघडला नव्हता, मी 'मट' वापरत होतो. मायकेल एल्किन्स यांनी 1995 च्या सुमारास लिहिलेला हा प्रोग्राम टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालतो. मट म्हणजे कुठल्याच जातीचं नसलेलं कुत्रं. कर्त्याचं म्हणणं असं, की मेलचे सगळेच प्रोग्राम भिकार असतात, हा त्यातल्या त्यात कमी भिकार. जे आणि के या अक्षरांनी यादीत खाली-वर जायचं, एंटरने पत्र उघडायचं, आरने उत्तर द्यायचं, डीने खोडायचं. डी दाबलं तरी पत्रावर नुसती खूण होते, खरं पुसलं जातं ते बाहेर पडताना. पत्र लिहिण्यासाठी मट विम किंवा नॅनोसारखा तुमच्या आवडीचा एडिटर उघडून देतो. पहिल्यांदा बसवताना अर्धा दिवस सहज जातो, ते लपवत नाही. पण मग जाहिरातींच्या मेलमधली चित्रं आपोआप उतरत नाहीत, आणि त्या चित्रांआडून 'यांनी मेल उघडला' अशी चुगली पाठवणाऱ्याकडे जाते तीही बंद होते.

मराठीची मात्र परवड आहे. टर्मिनल अक्षरं चौकटीच्या वहीसारखी मांडतं, एका घरात एक. आपली ऱ्हस्व वेलांटी संगणकात साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी. बऱ्याच टर्मिनलांना हे झेपत नाही, आणि जोडाक्षरांचे तर तुकडेच पडतात.

काकांना या तक्रारीत रस नव्हता. "मूळ पत्र कसं दिसतं ते दाखव," म्हणाले. मी पुण्याहून आलेला ताईचा मेल कच्च्या रूपात उघडला. मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि आकड्यांची भरड! मेल वाहून नेण्याचा नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिला तेव्हा तारेवरून फक्त 128 वेगवेगळी चिन्हं जायची. त्यात देवनागरी कुठली? 1992 मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' आणलं. नियम तोच ठेवून त्यांनी मजकुराला वेश चढवला. त्यातला एक वेश बेस-64. 26 मोठी अक्षरं, 26 लहान, 10 आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ, अशी 64 चिन्हं. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशी आठ घरं. तीन बाइट घ्यायचे, त्यांचे 24 बिट सहा-सहांच्या चार गटांत तोडायचे आणि प्रत्येक गटाला एक चिन्ह द्यायचं.

आता गंमत बघा. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी. तिच्या यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांचं असतं. 'न' म्हणजे 224, 164, 168. त्यामुळे प्रत्येक मराठी चिन्हाची बेस-64 मध्ये नेमकी चार चिन्हं होतात. 'नाशिक' हा शब्द न, काना, श, वेलांटी, क असा पाच चिन्हांचा, म्हणून तारेवर वीस. पाचही चौकड्यांची सुरुवात एकच: 4, के, एस. बदलतं ते चौथं. 'न'ला लहान ओ, कान्याला अधिकचं चिन्ह, 'श'ला 2, वेलांटीला तिरकी रेघ, 'क'ला मोठा व्ही. काकांनी सवयीने खिशातलं भिंग काढून पडद्याला लावलं आणि चार-के-एस मोजायला लागले. फाईल जोडली तरी हेच होतं, म्हणून 15 एमबीचे फोटो वाटेत 20 एमबी होऊन जातात.

मजकुराच्या वर 'रिसीव्हड'च्या चळतीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे शिक्के?"

शिक्केच. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का सगळ्यांत वर मारतो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. पुण्याच्या पत्रावर एका शिक्क्याची वेळ उणे 0700 होती, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं उन्हाळ्यातलं घड्याळ. आता तो सर्व्हर तिथेच असेल असं नाही, घड्याळ तेवढं तिथलं.

"खोटा शिक्का मारता येतो?"

येतो. खालचे शिक्के पाठवणारा स्वतःच बनवू शकतो. भरवसा ठेवायचा तो आपल्या सर्व्हरने मारलेल्या वरच्या शिक्क्यांवर. पाठवणाऱ्याचं नावही तसंच. एसएमटीपीत पाकीट वेगळं आणि आतलं पत्र वेगळं. एक यंत्र 'हेलो' म्हणतं, दुसरं 250 म्हणजे 'ठीक' म्हणतं. मग कोणाकडून, कोणाला, हे पाकिटावरचं सांगितलं जातं. 'डेटा' म्हटल्यावर 354 येतं, म्हणजे 'बोला'. त्यानंतरच्या मजकुरात 'फ्रॉम' म्हणून बँकेचं नाव टाकायला मूळ नियमात कुणी अडवत नाही. बँकेच्या नावाने येणारे फसवे मेल याच फटीतून शिरतात. एसपीएफ (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या नावाने पाठवायची परवानगी आहे का) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही खरी आहे का) या तपासण्या नंतर त्यासाठीच आल्या, आणि त्यांचा निकालही तिथेच, मजकुराच्या वर वाचता येतो.

"पत्र संपलं हे त्या यंत्राला कसं कळतं?"

एका ओळीत नुसतं एक टिंब आलं की.

काका थांबले. "आणि माझ्या पत्रातच तशी ओळ असली तर? अर्धं पत्र गडप?"

पाठवणारं यंत्र टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीला आणखी एक टिंब जोडतं, घेणारं ते काढून टाकतं. त्यांना काही ते पटेना. शेवटी त्यांनीच मटमध्ये पत्र लिहिलं, स्वतःच्याच पत्त्यावर: एक ओळ, खाली नुसतं टिंब, मग आणखी दोन ओळी. खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा वर सरकवून ओळी मोजल्या. चार.