सीएनजी आणि सीबीजी: धूर सारखाच, हिशेब वेगळा

साखर कारखान्याच्या सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्पाची बातमी आली की सांगलीत हमखास कोणीतरी म्हणतं, "म्हणजे सीएनजीच की!" गाडीपुरतं ते खरंही आहे. दोन्हींत मुख्य घटक मिथेन, दोन्ही साधारण २०० बार दाबाने सिलिंडरमध्ये भरतात, दोन्ही किलोवर विकतात. किट तेच, इंजिन तेच.

फरक पंपाच्या मागे आहे. सीएनजी हा जमिनीखालून काढलेला नैसर्गिक वायू, देशाच्या गरजेचा जवळपास निम्मा आयात होणारा. सीबीजी म्हणजे आपला गोबरगॅसच, फक्त धुऊन दाबलेला. वाळवा-पलूसकडे गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या काळपट गाळाचे ढीग लागतात, थंडीत सकाळी त्यातून वाफा निघताना दिसतात. हाच माल बंद टाकीत हवेविना कुजवला की बायोगॅस तयार होतो. त्यात मिथेन ५५-६० टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच, आणि इंजिनचे भाग गंजतात तेही यानेच. हे दोन्ही वायू काढून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की सीबीजी झाला. एक टन सीबीजीला साधारण २५ टन प्रेसमड लागतो. ढीग उघड्यावर महिनोन्‌महिने पडला तर त्यातला गॅस आधीच उडून जातो, त्यामुळे साठवण नीट नसलेला प्रकल्प हंगाम संपला की रडतो.

एसटी स्टँडवर उभ्या माणसाच्या फुप्फुसाला मात्र या फरकाशी देणंघेणं नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं. त्यापुढे हे दोन्ही वायू बरेच बरे, कारण काजळी जवळपास नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र दोन्हींतून निघतातच, म्हणून "गॅसची गाडी म्हणजे शून्य प्रदूषण" हे काही खरं नव्हे.

हवामानाचा हिशेब तेवढा वेगळा. सीएनजी जाळणं म्हणजे कोट्यवधी वर्षांची मुदत ठेव मोडून खाणं. सीबीजीतला कार्बन आडसाली उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच ओढलेला असतो. पण गळती झाली की हा फायदा पार वाहून जातो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. प्रकल्पाची जाहिरात वाचताना मी तरी क्षमतेच्या आकड्याआधी गळतीचं काय, हे शोधतो.

शिवाय टाकीत उरलेला चोथा शेतात खत म्हणून जातो. सीएनजीत असलं काही हाती लागत नाही.

सीबीजीला चालना देणाऱ्या केंद्राच्या २०१८ च्या 'सतत' योजनेनंतर आता शहरी गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणं बंधनकारक झालंय, २०२५-२६ ला १ टक्का, २०२८-२९ पासून ५ टक्के. त्यामुळे पंपावर "शुद्ध सीबीजी द्या" म्हणण्यात अर्थ नाही. पाइपात एकदा मिसळला की तो ओळखू येत नाही. आणि आत काहीही असलं तरी सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) चुकवायची नाही.