कोलोसियमच्या भिंतीतली भोकं

रोमच्या कोलोसियमचा, म्हणजे प्राचीन काळी खेळ भरवले जात त्या भव्य प्रेक्षागृहाचा, जवळून काढलेला कुठलाही फोटो मोठा करून बघा. पिवळट दगडांवर, बहुतेक सांध्यांच्या जागी, मूठ जाईल एवढी भोकं दिसतात. एक-दोन नाहीत, भिंतभर. गोळीबाराच्या खुणा वाटतात खऱ्या, पण ही भोकं पाडली ती लोखंड काढून नेणाऱ्यांनी.

बाहेरच्या भिंतीचा दगड ट्रॅव्हर्टाइन. रोमजवळच्या तिवोली गावाच्या गरम झऱ्यांच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून तो तयार झाला. रोमन गवंड्यांनी त्याचे चिरे चुन्याशिवाय, कोरडेच रचले आणि आतून लोखंडी चापांनी एकमेकांना जखडले. चापाच्या खाचेत वितळलेलं शिसं ओतलं, की लोखंड जागचं हलत नाही. या चापांना सुमारे ३०० टन लोखंड लागलं असावं, असा अंदाज आहे. मध्ययुगात धातूला मोल आलं आणि खेळ तर कधीच बंद पडले होते. मग लोकांनी सांधे फोडून चाप आणि शिसं दोन्ही काढून नेलं. तरी भिंत उभी राहिली, ती नुसत्या दगडांच्या वजनावर.

यापेक्षा मला जास्त आवडतात ती दुसरी, बारीक भोकं. १८१३ साली इथे सापडलेल्या एका संगमरवरी शिळेवर पाचव्या शतकातल्या डागडुजीचा लेख कोरलेला आहे. पण त्या अक्षरांच्या मधूनमधून काही छिद्रं आहेत, ज्यांचा या लेखाशी काहीच संबंध लागत नाही. शिळा आधी वापरलेली होती. तिच्यावर पूर्वी काशाची अक्षरं खुंट्यांनी बसवलेली असणार. १९९५ मध्ये गेझा अल्फल्डी या अभ्यासकाने छिद्रांची जागा आणि अंतरं यांवरून मूळ मजकूर लावला: सम्राट व्हेस्पेशियनने हे नवं ॲम्फिथिएटर युद्धातल्या लुटीच्या पैशातून बांधवलं. ही लूट बहुधा इ.स. ७० मध्ये पाडाव झालेल्या जेरुसलेमची. गंमत म्हणजे सम्राटाच्या नावाआधी त्याचा मुलगा टायटस याचं आद्याक्षर मागाहून दाटीवाटीने घुसवलेलं दिसतं. बापाने काम सुरू केलं, ८० साली उद्घाटन मुलाने केलं आणि पाटीवरचं श्रेयही एका अक्षरात खिशात घातलं! भोकांवरून वाक्य लावायचं म्हणजे थोडं अनुमान आलंच, पण हे वाचन बहुतेक अभ्यासकांना पटलेलं आहे.

जागेची निवडही राजकारणाचीच. ६४ सालच्या आगीनंतर नीरोने शहराच्या मध्यावर आपला महाल पसरला आणि इथल्या खोलगट भागात तळं केलं. व्हेस्पेशियनने तळं आटवून ती जागा लोकांच्या करमणुकीला दिली. तळाशी चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळलेल्या काँक्रीटचा सुमारे १२ मीटर जाडीचा पाया घातला आणि त्यावर १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद इमारत चढवली.

पाया दमदार होता, पण खालची जमीन सगळीकडे सारखी नव्हती. उत्तरेला घट्ट थर, तर दक्षिणेला जुन्या दरीत ओढ्याने आणलेला मऊ गाळ. अशा गाळात भूकंपाच्या लाटा मंदावतात आणि त्यांचा हेलकावा वाढतो. ताट थांबलं तरी त्यातली खरवसाची वडी थरथरत राहते, तसं. १३४९ च्या भूकंपात बाहेरच्या भिंतीची दक्षिण बाजू कोसळली. प्रेक्षकांसाठी कमानींवर कोरलेल्या क्रमांकांपैकी आज २३ ते ५४ एवढेच उरलेत, सगळे उत्तरेकडचे.

पडलेला दगड फुकटच होता. काही भट्टीत गेला, कारण ट्रॅव्हर्टाइन भाजला की चुना मिळतो. काही बांधकामांवर गेला. १४५२ मध्ये एकाच कंत्राटदाराने २,५२२ गाड्या भरून नेल्याची नोंद आहे.

उरलेली भिंत पूर्वेच्या टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलायला लागली. वास्तुविशारद राफाएले स्टर्न याने तिथे विटांचा प्रचंड टेकू उभारला आणि कमानी विटांनी बुजवल्या. निखळलेले चिरे त्याने परत जागेवर बसवले नाहीत, घसरत होते तिथेच विटांत चिणून टाकले. पश्चिमेचा टेकू वीस वर्षांनी व्हालादिए या दुसऱ्या वास्तुविशारदाने बांधला, मूळ कमानींची नक्कल करून. तो दिसायला सुबक आहे, पण भूकंपाने कमान कशी निखळते हे बघायचं असेल तर स्टर्नच्या ओबडधोबड भिंतीसमोर उभं राहावं.