ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि आदर्श इंजिनाचं गणित

ग्वाल्हेरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसला टेकतो, जानेवारीच्या पहाटे ५ अंशांपर्यंत उतरतो. उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाला हा फरक चांगलाच जाणवतो. किती, ते एका भागाकारात कळतं.

सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवून दिलं, की आदर्श, म्हणजे घर्षण-गळती नसलेल्या इंजिनाची कार्यक्षमता (घेतलेल्या उष्णतेपैकी किती भागाचं काम होतं, ते) फक्त दोन तापमानांवर ठरते: जिथून उष्णता घेतली जाते ती गरम बाजू आणि जिथे ती सोडली जाते ती थंड बाजू. आत वाफ आहे की हवा, याने फरक पडत नाही. आजच्या भाषेत सूत्र असं:

कार्यक्षमता = १ − (थंड बाजूचं तापमान ÷ गरम बाजूचं तापमान)

तापमानं केल्विनमध्येच हवीत, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. गरम बाजू २०० अंश, म्हणजे ४७३ केल्विन धरू. थंड बाजू म्हणजे बाहेरची हवा: मे महिन्यात ३१८ केल्विन, उत्तर ३२.८ टक्के. जानेवारीत २७८, उत्तर ४१.२ टक्के. मुलं इथे हमखास ४५ ला थेट २०० ने भागतात आणि ७७.५ टक्के काढतात. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याचं तापमान. उष्णतेचा हिशेब तिथून सुरू होत नाही, म्हणून ते गुणोत्तर निरर्थक ठरतं.

उलटं गणितही सोपं. कार्यक्षमता ४० टक्के, थंड बाजू २७ अंश: ३०० ला ०.६ ने भागा, ५०० केल्विन, म्हणजे २२७ अंश. शेवटी २७३ वजा करायला विसरू नका.

आता खरी गंमत. मे महिन्यातल्या त्याच इंजिनाची गरम बाजू १० अंशांनी वाढवली, तर कार्यक्षमता १.४ टक्के-अंकांनी वाढते. थंड बाजू १० अंशांनी उतरवली, तर २.१ ने. मग थंड बाजूच का उतरवू नये? कारण उष्णता शेवटी भोवतालच्या हवेत किंवा पाण्यातच सोडावी लागते. त्याखाली जायचं तर शीतयंत्र लागतं, आणि जितकं काम वाढेल निदान तितकं ते यंत्रच खातं. म्हणून औष्णिक वीजकेंद्रं वाफच ५४० अंशांच्या आसपास तापवतात. त्याहून फार वर जायचं तर महागडे मिश्रधातू लागतात. साधं पोलाद तिथे दाबाखाली हळूहळू ताणलं जातं.

ग्वाल्हेर-श्योपूर ही ६१० मिलिमीटर गेजची (म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर असलेली) छोटी गाडी एकेकाळी वाफेवर चालायची. अशा इंजिनाच्या बॉयलरमध्ये वाफ १८० अंशांवर आहे असं धरू. वापरलेली वाफ उघड्यावर सोडली जाते, म्हणजे थंड बाजू साधारण १०० अंशांवरच अडते. ३७३ भागिले ४५३: कमाल मर्यादा जेमतेम १७.७ टक्के, आणि प्रत्यक्षात गळती, घर्षण, अर्धवट जळलेला कोळसा यांमुळे त्याहून बरीच कमी. इथे ग्वाल्हेरची थंडीही कामाला येत नाही. वाफ थंड करून पुन्हा वापरावी, तर तेही अवघड. कारण धुराड्यातून जोराने सुटणारी तीच वाफ भट्टीत हवा ओढून आग पेटती ठेवते.