ट्रूशल व्यवस्था

ट्रूशल व्यवस्था : इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्यावरील शेखांशी एकापुढे एक तह करून ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात बसवलेली राजनैतिक घडी. ‘ट्रूस’ म्हणजे युद्धविराम. त्यावरून अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल-कुवैन, रास अल-खैमा या किनाऱ्याला ‘ट्रूशल कोस्ट’ हे नाव पडले आणि १९७१ पर्यंत ते टिकले. बहरीन, कुवेत आणि कतार पुढे त्याच धर्तीच्या करारांत आले. मस्कत आणि एडनची प्रकरणे वेगळी असली, तरी या सगळ्यांचे दोर बराच काळ मुंबई सरकारच्या हाती होते. इराणच्या किनाऱ्यावर बुशेहर येथे बसणारा रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी, १८७३ पर्यंत मुंबईला जबाबदार होता. त्यानंतर तो थेट हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत गेला.

सुरुवात मस्कतपासून झाली. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्यावर फ्रेंचांची आणि टिपूची गाठ पडेल, ही ईस्ट इंडिया कंपनीची धास्ती होती. ऑक्टोबर १७९८ मध्ये कंपनीचा प्रतिनिधी मेहदी अली खान याने मस्कतच्या सुलतान बिन अहमदकडून कौलनामा मिळवला. कौल हा शब्द आपल्याकडे गावच्या पाटलालाही ठाऊक होता. इथे त्याचा अर्थ एवढाच, की फ्रेंच आणि डचांना थारा द्यायचा नाही. १८०० मध्ये कंपनीचा वकील जॉन माल्कम याने तो पक्का केला. दोन्ही राज्यांची मैत्री सूर्य-चंद्राची भ्रमणे संपेपर्यंत अढळ राहील, असे त्यात कलम आहे. मराठी सनदांतल्या ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ची आठवण करून देणारी ही भाषा. मस्कतला पाठवलेले इंग्रज एजंट मात्र तिथल्या हवेने एकामागून एक दगावले आणि काही वर्षांतच ते पद बंद पडले. याच माल्कमपुढे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली.

व्यवस्थेचा खरा पाया रास अल-खैमा येथे घातला गेला. तिथल्या अल-कवासिम टोळीचे आरमार आखातात प्रबळ होते, आणि कंपनीच्या कागदांत त्यांचा उल्लेख सरसकट ‘चाचे’ असा येतो. त्यांनी जहाजे लुटली हे खरे. पण मस्कतशी त्यांचे जुने वैर होते, मस्कत इंग्रजांचा मित्र होता आणि आखाताच्या तोंडावरच्या व्यापाराची व जकातीची चढाओढ या भांडणामागे होती. कान्होजी आंग्रे यांनाही मुंबईकर इंग्रज चाचाच म्हणत, हे ध्यानात घेतले की या शब्दाचे वजन किती धरायचे ते वाचकाला ठरवता येते. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी पुढे मुंबईच्या अभिलेखागारातले कागद चाळून या आरोपाचे सविस्तर खंडन केले.

१८०९ च्या पहिल्या स्वारीने काम भागले नाही. नोव्हेंबर १८१९ मध्ये मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर सुमारे ३,००० फौज घेऊन मुंबईहून निघाला. मस्कतचा शासक सय्यिद सईद याची गलबते त्याला येऊन मिळाली. डिसेंबरात रास अल-खैमा पडले. ८ जानेवारी १८२० रोजी तिथेच सर्वसाधारण तहावर सह्या सुरू झाल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत किनाऱ्यावरचे शेख एकेक करून त्यात आले. बहरीनच्या अल-खलिफांनीही सही केली. मुंबईत तेव्हा एल्फिन्स्टन नुकताच गव्हर्नर झाला होता. कीरने अटी फार सौम्य ठेवल्या, अशी मुंबई सरकारची तक्रार होती.

तह मुळातून वाचण्यासारखा आहे. लूटमार आणि चाचेगिरी कायमची बंद. घोषित युद्ध तेवढे मान्य. तहात आलेल्या अरबांनी पांढऱ्या काठाचे लाल निशाण लावावे, पांढऱ्याची रुंदी लालाइतकी असावी, असा बारकावाही त्यात आहे. त्या किनाऱ्यावरच्या निशाणांतला लाल-पांढरा मेळ या कलमाशी जोडलेला आहे. प्रत्येक जहाजावर त्याचे नाव, लांबी-रुंदी आणि माल किती मावतो ते लिहिलेला दाखला हवा. नववे कलम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम पळवून आणणे ही चाचेगिरीच ठरवते. ते दुभाषी कॅप्टन पेरोनेट थॉम्पसनच्या हातचे मानले जाते; तो आधी सिएरा लिओनचा गव्हर्नर होता आणि गुलामीचा कट्टर विरोधक. ते कलम बराच काळ कागदावरच राहिले.

या तहाने शेखांची आपसांतली युद्धे थांबली नाहीत, कारण ती त्याने मनाई केलीच नव्हती. ती अडचण मोत्यांनी सोडवली. उन्हाळ्यात शेकडो गलबते मोत्यांच्या तळांवर जात आणि सारा किनारा त्या हंगामावर जगे. निघालेला बराच माल मुंबईच्या बाजारात येई. हंगामात लढाई झाली की सगळेच बुडत. १८३५ मध्ये अबुधाबीच्या बनी यास टोळीने जहाजांवर हल्ले केले, कंपनीच्या ‘एल्फिन्स्टन’ जहाजाने त्यांना तोफांचा मार दिला, आणि हीच वेळ साधून हंगामी रेसिडेंट सॅम्युअल हेनेलने शेखांपुढे फक्त हंगामापुरता, सहा महिन्यांचा समुद्री युद्धविराम ठेवला. त्यांना तो पटला. पुढे तो दरसाल नवा होत गेला, १८४३ मध्ये दहा वर्षांसाठी झाला आणि मे १८५३ मध्ये कायमचा. हेनेलची ही युक्ती कीरच्या तोफांपेक्षा जास्त टिकाऊ ठरली, कारण ती शेखांच्याही पोटाशी जोडलेली होती.

१८५३ च्या तहाची मेख अशी : कोणी आगळीक केली तर शेखाने परस्पर बदला घ्यायचा नाही, रेसिडेंटकडे तक्रार करायची, तो भरपाई मिळवून देईल. म्हणजे समुद्रावरचा पंच ब्रिटिश झाला, आणि त्याच्या पाठीशी लढाऊ जहाजे होती. दंड थकला की गलबते जप्त होत, कधी किल्ल्यावर गोळे पडत. जमिनीवर कोण कोणाशी लढतो, कर किती घेतो, यात मात्र रेसिडेंट सहसा पडत नसे. तैनाती फौज नाही, तिच्या खर्चापोटी तोडून घेतलेला मुलूख नाही. पेशव्यांना वसईच्या तहात जे सोसावे लागले, ते इथे घडले नाही. त्या वाळूत घेण्यासारखे काही आहे असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. रोजचा कारभार शारजातला नेटिव्ह एजंट पाही. स्थानिक मुसलमान, बहुधा व्यापारी, अरबी-फारसी जाणणारा हा माणूस बातम्या कळवी, पत्रे पोचवी, दंड वसूल करी. रेसिडेंट वर्षातून एखादी फेरी मारून जाई.

एडनचा मासला वेगळा. १८३७ मध्ये ब्रिटिश निशाणाचे ‘दर्या दौलत’ हे जहाज तिथे फुटले आणि लुटले गेले. तेवढे निमित्त करून कॅप्टन स्टॅफर्ड हेन्सने एडनचा धनी असलेल्या लहेजच्या सुलतानाशी खरेदीची बोलणी लावली, आणि ती फिसकटल्यावर १९ जानेवारी १८३९ रोजी एडन घेतले. वाफेच्या जहाजांना कोळशाचा तळ हवा होता, हे खरे कारण. आसपासच्या टोळीप्रमुखांना तनखे देत हेन्सने पंधरा वर्षे कारभार केला. मग तिजोरीत तूट निघाली. मुंबईच्या न्यायालयात अफरातफर सिद्ध झाली नाही, तरी रक्कम भरता न आल्याने तो सहा वर्षे तिथल्या तुरुंगात राहिला आणि १८६० मध्ये सुटल्यावर थोड्याच दिवसांत मुंबईच्या बंदरातच जहाजावर मेला. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होते.

मस्कतच्या सय्यिद सईदने मैत्री खुबीने वापरली. मुंबईच्या गोदीत १८२६ मध्ये बांधलेले ‘लिव्हरपूल’ हे लढाऊ जहाज त्याने इंग्लंडच्या राजाला भेट दिले, कुरिया मुरिया बेटे १८५४ मध्ये राणीला मोफत देऊन टाकली. १८५६ मध्ये तो वारला आणि मस्कत आणि त्याच्याच ताब्यातले आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे झांजिबार यांसाठी त्याचे मुलगे थुवैनी आणि माजिद भांडू लागले. एडनचा रेसिडेंट कॉगलन याने चौकशी केली आणि १८६१ मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा दिला : राज्ये दोन, आणि झांजिबारने मस्कतला दरसाल ४०,००० मारिया थेरेसा डॉलर (त्या भागात चालणारे ऑस्ट्रियाचे चांदीचे नाणे) द्यावेत. घरच्या भांडणात पंच म्हणून बोलावलेल्याने वाटणीपत्रच लिहून दिले. १८७३ मध्ये बार्टल फ्रियर झांजिबारला गेला. तो मुंबईचा माजी गव्हर्नर, आणि सातारचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथला रेसिडेंट. गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर त्याच वर्षी जूनमध्ये सुलतान बरघशची सही झाली; ती तिथला ब्रिटिश वकील जॉन कर्क याने मिळवली.

शतकाच्या अखेरीस समुद्रावरची शांतता हा विषय मागे पडला. फ्रेंच, ऑटोमन, इराणी, रशियन असे सारे आखाताकडे पाहू लागले होते. बहरीनने १८८० व १८९२ मध्ये आणि ट्रूशल शेखांनी मार्च १८९२ मध्ये लिहून दिले, की ब्रिटिशांखेरीज कोणाशी करार वा पत्रव्यवहार करणार नाही, परक्याच्या वकिलाला राहू देणार नाही आणि मुलखाचा कोणताही भाग विकणार, गहाण ठेवणार वा देणार नाही. २३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतच्या मुबारक अल-सबाहनेही असाच करार गुप्तपणे केला. त्यापोटी त्याला १५,००० रुपये मिळाले. रुपये, कारण आखातात तेच चलन होते आणि पुढे १९६० च्या दशकापर्यंत राहिले.

ब्रिटनने १९६८ मध्ये आखात सोडण्याचे जाहीर केले आणि १ डिसेंबर १९७१ रोजी ट्रूशल राज्यांशी झालेले तह संपुष्टात आले. दुसऱ्या दिवशी सहा अमिरातींचा संघ जाहीर झाला; सहावी फुजैरा. १८२० चा सर्वसाधारण तह जिथे झाला ती रास अल-खैमा त्यात नव्हती. ती फेब्रुवारी १९७२ मध्ये सामील झाली.