फिल्टर नवा, जिवाणू जुनेच: माशांच्या टाकीचा फिल्टर बदलण्यापूर्वी वाचा

नवा फिल्टर लावल्यावर चार-सहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर नव्या मशीनमध्ये बिघाड शोधत बसू नका. बहुतेक वेळा जुन्या फिल्टरबरोबर त्यातला स्पंजही फेकला गेलेला असतो आणि खरे काम तर तो स्पंजच करत होता.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी असतात. तिसरा बराच सौम्य असून पाणी बदलताना निघून जातो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी, काच असा जो पृष्ठभाग मिळेल त्याला बुळबुळीत थर होऊन चिकटतात. त्यामुळे नुसते जुने पाणी जपून ठेवल्याने फारसे काही हाती लागत नाही. शिवाय त्यांची वाढ संथ असते. संख्या दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणूनच कोरा फिल्टर पूर्ण कामाला लागायला चार ते सहा आठवडे जातात.

घाई नसेल तर: दोन्ही फिल्टर एकत्र चालवा

जुना आणि नवा फिल्टर एकाच टाकीत ४ ते ६ आठवडे चालू ठेवा. यात एक गोम आहे. जुना फिल्टर आधीच मुरलेला असल्याने बहुतेक अमोनिया तोच संपवतो, मग नव्याच्या वाट्याला थोडाच येतो आणि तिथली वाढ रेंगाळते. यावर उपाय सोपा आहे. पहिल्याच दिवशी जुन्या फिल्टरमधला एक तृतीयांश मीडिया, म्हणजे जिवाणू चिकटलेले स्पंज आणि रिंगा, नव्यात ठेवा. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात जुना स्पंज पिळा आणि ते गढूळ पाणी चालू नव्या फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी सोडा. टाकी काही तास धूसर दिसेल, तेवढे चालते.

जुना फिल्टर काढताना त्यात उरलेला मीडियाही शक्यतो नव्यात हलवा. जागाच नसेल तर जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या झोतासमोर टांगा आणि महिनाभर राहू द्या.

एकाच दिवसात बदलायचे असेल तर

सगळा जुना मीडिया नव्या फिल्टरमध्ये घाला. आकार जुळत नसेल तर स्पंज कात्रीने कापा, जिवाणूंचे त्याने काही बिघडत नाही. पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून आणि शेवटी रिंगांतून जावे, अशी मांडणी ठेवा. कंपनीने दिलेला नवा मीडिया उरलेल्या जागेत बसवा. जागा अपुरी असेल तर नवाच बाहेर ठेवा, जुना नको.

हलवाहलवीत मीडिया वाळू देऊ नका. टाकीच्या पाण्याने भरलेल्या उघड्या बादलीत ठेवा. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर त्यात एअर स्टोन (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. नळाच्या पाण्याखाली मात्र कधीही धरू नका. त्यातले क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असते आणि आपले उपयोगी जिवाणू ते वेगळे ओळखत नाही. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते पाणी रात्रभर ठेवूनही उडून जात नाही, त्यासाठी डीक्लोरीनेटर (क्लोरीन निकामी करणारे द्रावण) घालावाच लागतो.

त्या आठवड्यात दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नका. खडी धुणे, नवे मासे सोडणे, सजावट बदलणे हे सगळे पुढे ढकला. खडी आणि दगडांवरचे जिवाणू याच काळात फिल्टरची उणीव भरून काढतात. खाद्य १० दिवस निम्म्यावर आणा. धडधाकट मोठे मासे याने उपाशी मरत नाहीत. पिल्ले असतील तर खाद्य तोडण्याऐवजी पाणी जास्त वेळा बदला.

पाणी तपासा

पहिले दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य हवेत. कोणताही आकडा ०.२५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर गेला तर त्याच दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीच्या तापमानाचे असावे. पीएचकडेही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याकडेही, बघा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ असेल तर तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तोच आकडा एका टाकीत निभावतो आणि दुसरीत मासे मारतो. नायट्राइट चढले असेल तर पाणी बदलण्याबरोबर लिटरला १ ग्रॅम साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

जुना फिल्टर अचानक बंद पडला तर

मोटर जळली म्हणून जिवाणू लगेच मरत नाहीत, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये तो काही तासांतच संपतो. त्यामुळे मोटर थांबल्याचे कळताच डबा उघडा, मीडिया काढून टाकीत ठेवा आणि शेजारी एअर स्टोन लावा. नवा फिल्टर येईपर्यंत असेच राहू द्या. डबा बराच वेळ बंद राहून आत सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो तसाच चालू करू नका, नाहीतर आतले विषारी पाणी थेट माशांवर जाते. ते ओतून द्या, मीडिया टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या आणि यापुढे टाकी नवी आहे असे धरूनच रोज तपासणी करा.

अंडरग्रॅव्हल फिल्टर काढताना

या फिल्टरची प्लेट खडीखाली असते आणि पाणी खडीतून ओढले जाते. इथे खडी हाच मीडिया, म्हणून सर्वाधिक सावधगिरी इथेच लागते. आधी नवा फिल्टर ६ आठवडे सोबत चालवा. प्लेटखाली वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला असतो आणि प्लेट उचलताच तो सगळा पाण्यात मिसळतो. त्यामुळे त्या दिवशी मासे वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात, हवा चालू ठेवून हलवा. गाळ नळीने ओढून घ्या. खडी काढावी लागली तर टाकीच्या पाण्यात हलकेच विसळून त्याच दिवशी परत घाला. खडीही बदलायचीच असेल तर दर दोन आठवड्यांनी एक तृतीयांश याप्रमाणे बदला.