छापील गेली, नकला उरल्या

फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला रोमी लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघालं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते नव्याने छापलं, ते हस्तलिखित नकलांवरून. छापखान्याने नाही राखलं, नकलणाऱ्यांनी राखलं.

संगणकावरच्या संशोधनाची कथा फार वेगळी नाही, फक्त तिथे शंभर वर्षांत व्हायचा नाश दहा वर्षांत उरकतो. सगळ्या संगणकांवर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. पण आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं टंकन झालं ते ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. गेल्या पावसाळ्यात एका गावच्या वाचनालयात ओव्यांच्या संग्रहाची सीडी हाती आली. बुरशीचा डाग पुसून ती चालली, फाइलही उघडली; पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा चिवडा!

मग वेबसाइटी आल्या. फिरते नकाशे, आवाज, शोधखिडकी, मागे डेटाबेस. अनुदान तीन वर्षांचं, सर्व्हरचं भाडं मात्र दरवर्षीचं. २०२० च्या अखेरीस अडोबने वेबपानांवर हलती चित्रं आणि आवाज चालवणारं फ्लॅश बंद केलं आणि त्यावर बेतलेली कितीतरी कामं एका फटक्यात मुकी झाली.

ग्रंथालयांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 'लॉक्स' प्रकल्पाने नियतकालिकांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत ठेवून त्या आपसांत पडताळायची सोय केली. जुना नकलांचाच मार्ग. २००२ मध्ये एमआयटी आणि एचपीने 'डीस्पेस' हे संस्थांचं डिजिटल साहित्य साठवायचं सॉफ्टवेअर आणलं. प्रबंधाची पीडीएफ त्यात छान मावते, चालती वेबसाइट मावत नाही. म्हणून कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या 'एंडिंग्ज' प्रकल्पाने उलटा विचार केला: शेवट आधीच ठरवा, डेटाबेसवर न अडणारी साधी एचटीएमएल पानं करून ठेवा. मला हे सगळ्यांत पटतं. दिसायला रुक्ष असतं, पण ठेवायला सोपं.

पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, मग ते सांभाळणं कुणाचं तरी काम होतं. वेबसाइटला असा क्रमांक सहसा पडत नाही.

त्या सीडीतल्या ओव्या युनिकोडमध्ये फिरवल्या. जोडाक्षरं आणि रफार हाताने नीट करायला आठ दिवस गेले. वाचनालयाच्या वहीत अजून 'सीडी, नग १' एवढीच नोंद आहे.